निनावी छायाचित्रकाराचे प्राग

चेक छायाचित्रकार योसेफ कौडेल्का यांचा ‘इन्व्हेजन ६८: प्राग’ हा छायाचित्रग्रंथ मी साताऱ्यातील घरी जेवणाच्या टेबलावर ठेवून सलग तीन संध्याकाळी पाहिला. मांडीवर घेऊन पाहता येईल असा तो नाही. २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या, तेव्हा तीस वर्षांचे कौडेल्का नुकतेच रुमानियाहून परतले होते. पुढच्या काही दिवसांत त्यांनी प्रागच्या रस्त्यांवर टिपलेली जवळपास अडीचशे कृष्णधवल छायाचित्रे या ग्रंथात आहेत.

त्यांतील एका छायाचित्रापाशी मी फार वेळ थांबलो. पुढ्यात एका माणसाचा आडवा धरलेला हात, मनगटावर घड्याळ आणि त्यामागे दूरवर पसरलेला, जवळजवळ ओस पडलेला वेन्सेस्लास चौक. तेथे निदर्शने व्हायची होती. परंतु त्यातून सैन्याला गोळीबाराचे निमित्त मिळेल हे ओळखून लोकांनी तेथे जाण्याचे टाळले. रणगाड्यांसमोर उभ्या राहिलेल्या गर्दीच्या छायाचित्रांइतकाच हा रिकामा चौकही लोकांच्या निर्धाराची साक्ष देतो, असे मला वाटते.

या छायाचित्रांच्या निगेटिव्ह गुपचूप देशाबाहेर नेण्यात आल्या आणि १९६९ मध्ये ती ‘पी. पी.’, म्हणजे ‘प्राग फोटोग्राफर’ (प्रागचा छायाचित्रकार), एवढ्याच ओळखीने प्रसिद्ध झाली. त्या वर्षीचे रॉबर्ट कापा सुवर्णपदकही एका निनावी चेक छायाचित्रकाराला जाहीर झाले. कौडेल्का यांनी १९७० मध्ये देश सोडला, पण घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून मौन पाळले; वडिलांच्या निधनानंतर, १९८४ मध्ये, ही छायाचित्रे प्रथमच त्यांच्या नावाने लोकांसमोर आली. सातारा जिल्ह्यातील माणसाला हे मौन समजावून सांगावे लागत नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातील भूमिगतांना ज्या घरांनी भाकरी आणि आसरा दिला, त्यांतील कितीतरी घरांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. माझ्या आईचे माहेर त्यांपैकीच एक. तिने चष्मा लावून गर्दीतील चेहऱ्यांवरून बोट फिरवले आणि विचारले, “हे फोटो छापून आल्यावर या पोरांना कोणी धरलं तर नसेल ना रे?” प्रतिकाराची आठवण जपणारे छायाचित्रच पोलिसांच्या हाती पुरावाही ठरू शकते, हा विचार तोवर माझ्या मनात आला नव्हता.

उणिवा सांगायच्या तर, दोन पानांवर पसरलेल्या छायाचित्रांचा मधला भाग शिवणीत जातो आणि नेमके तेथे एखादा चेहरा असला तर हळहळ वाटते. माझ्या प्रतीतील मजकूर इंग्रजीत आहे. तो सावकाश वाचावा, कारण रोजचा घटनाक्रम कळल्याशिवाय अनेक चित्रे नुसती गर्दीची वाटतात. किंमत एका कुटुंबाला जड जाईल अशी आहे. म्हणूनच आपल्या शहरातील ग्रंथालयांनी एक प्रत जरूर घ्यावी आणि ती कपाटात कुलूपबंद न ठेवता वाचनकक्षातील मोठ्या टेबलावर ठेवावी.