स्टेनलेस कॅट-बॅक एक्झॉस्ट किट: आवाज दमदार, ताकद बेताची

टर्बो नसलेल्या दोन लिटर पेट्रोल इंजिनासाठी मिळणारं हे अडीच इंची किट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, म्हणजेच ‘कॅट’) मागचा पाइप, रेझोनेटर (घुमणारा आवाज कमी करणारा डबा) आणि मफलर (सायलेन्सर) एवढंच त्यात येतं. ताकदीसाठी घेणार असाल तर थांबा. दोन-पाच हॉर्सपॉवर वाढली तरी पुष्कळ, आणि तीही वरच्या आरपीएमला. वायू अडतो तो बराचसा मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर गोळा करणारा पहिला नळांचा संच) आणि कन्व्हर्टरमध्ये, आणि हे किट त्यांना हातच लावत नाही. टर्बो गाडीतही खरा फरक पडतो तो डाउनपाइप (टर्बोतून लगेच निघणारा पाइप) आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यूनिंगने.

‘इंजिनाला बॅक प्रेशर (एक्झॉस्टमध्ये वायू अडल्याने येणारा उलटा दाब) लागतंच’ हे गॅरेजमधलं लाडकं वाक्य, पण खरं नाही. लागतो तो वायूचा वेग. म्हणून याच इंजिनाला हौसेने तीन इंची पाइप लावू नका. वेग मंदावला की कमी आरपीएमचा पिकअप ढिला पडू शकतो.

बनावट मात्र चांगली आहे. वळणं मॅन्ड्रेल बेंडची, म्हणजे वाकवलेल्या जागीही पाइप गोलच राहतो. स्वस्त किटमध्ये नेमका तिथेच तो चेपलेला दिसतो. घेताना लोहचुंबक लावून पाहा: स्टेनलेसच्या ४०९ ग्रेडला घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळपास नाहीच. ४०९ वर वरवरचा गंज लवकर चढतो.

बसवायचं ते इंजिन थंड असताना. जुन्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर स्टड तुटतो. हँगरच्या (पाइप गाडीखाली टांगणाऱ्या आकड्यांच्या) रबरांना साबणाचं पाणी लावलं की ते सहज सरकतात. गास्केट नवीनच घाला. सगळे जोड आधी सैल ठेवा, पाइप मधोमध आणा, बॉडीपासून बोटभर अंतर राहतंय ना ते बघा आणि मग पुढून मागे कसत या. पहिलाच जोड आवळून टाकला, तर टेलपाइप बम्परला घासणारच. एकदा गरम होऊन गार झालं की बोल्ट पुन्हा कसा.

गळती तपासायला इंजिन थंड असतानाच सुरू करून टेलपाइपवर क्षणभर जाड फडकं दाबा. जोडातून फुसफुस आली तर गास्केट नीट बसलेलं नाही. मागच्या ऑक्सिजन सेन्सरजवळ गळती असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि कन्व्हर्टर धडधाकट असूनही पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असं सांगणारा) कोड येऊ शकतो.

दोन ते अडीच हजार आरपीएमला, टॉप गिअरमध्ये, केबिनमध्ये घुमणारा आवाज ही याची मोठी खोट. रेझोनेटर नसलेला स्वस्त प्रकार घेतलात, तर लांबच्या प्रवासात डोकं उठेल.