मुतखड्याचे निदान: सोनोग्राफी की सीटी स्कॅन?

कमरेतून जांघेकडे उतरणारी कळ आली, की बहुतेक डॉक्टर आधी सोनोग्राफी लिहून देतात आणि ते योग्यच आहे. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, खर्च कमी येतो आणि मूत्रपिंडाला आलेली सूज लगेच दिसते. गर्भवतीसाठी तर पहिली निवड तीच. मात्र केंद्राच्या बाकावर बसून, बाटलीभर पाणी संपवून, मूत्राशय तुडुंब भरेपर्यंत थांबूनही मूत्रवाहिनीच्या (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या) मधल्या भागातला लहान खडा आतड्यातील वायूमुळे तिला अनेकदा सापडत नाही. कॉन्ट्रास्टशिवाय (म्हणजे शिरेतून औषध टोचून न घेता) केलेला सीटी स्कॅन तोच खडा काही मिनिटांत दाखवतो, त्याचा आकार, जागा आणि घनता सांगतो. साध्या एक्स-रेत न दिसणारा युरिक ॲसिडचा खडाही त्यात दिसतो. उपचार या मोजमापावर ठरतात, कारण 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडतो, तर 10 मिलिमीटरपेक्षा मोठा सहसा काढावा लागतो. तरीही ज्यांना खडे वारंवार होतात (लोकलच्या लांब प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच टाळणाऱ्या मुंबईकरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे), त्यांनी प्रत्येक वेळी सीटीचा आग्रह धरू नये आणि गरज पडल्यास किरणोत्सर्गाची मात्रा कमी असलेल्या सीटी स्कॅनबद्दल विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कळीसोबत थंडी वाजून ताप आला, तर मात्र तपासणीची निवड करत न बसता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.