‘यरुशलेम’ या नावाची उकल: साताऱ्यातील एक अभ्यासवर्ग

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका छोट्या सभागृहात रविवारी सायंकाळी प्राचीन स्थलनामांवर सशुल्क अभ्यासवर्ग भरतो. त्यातील बायबलमधील यरुशलेम (जेरुसलेम) या नावाविषयीचे सत्र मी नुकतेच पूर्ण केले. शुल्क माफक आहे, वेळ पाळली जाते आणि शिकवणे शुद्ध मराठीतून होते.

मार्गदर्शकांनी आरंभ गावाच्याच नावापासून केला. सातारा हे नाव सात डोंगरांवरून पडले असे काही जण सांगतात, तर काही जण किल्ल्याच्या सतरा बुरुजांकडे बोट दाखवतात. परंतु नावाचे सर्वांत जुने लेखी रूप कोणते, हे विचारल्याशिवाय अशा वादाचा निवाडा होत नाही. पुढचे संपूर्ण सत्र याच प्रश्नाला धरून चालले.

‘शांतीचे नगर’ हा अर्थ बहुतेकांच्या कानांवरून गेलेला असतो आणि त्याला शास्त्रवचनाचा आधारही आहे. बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात मलकीसदेक हा शालेमचा (हे यरुशलेमच मानले जाते) राजा म्हणून येतो, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 7व्या अध्यायात त्याचा अर्थ ‘शांतीचा राजा’ असा लावला आहे. नाव मात्र या ग्रंथांहून पुष्कळ जुने आहे. इजिप्तमधील अमार्ना येथे 1887 मध्ये उजेडात आलेल्या, इसवी सनपूर्व 14व्या शतकातील मातीच्या पाट्यांवर ते अक्कादी या मेसोपोटेमियातील प्राचीन भाषेत ‘उरुसालिम’ असे कोरलेले असून, यरुशलेमचा शासक अब्दी-हेबा त्यांत फारोकडे, म्हणजे इजिप्तच्या राजाकडे, धनुर्धाऱ्यांची कुमक मागतो. त्याहून जुन्या इजिप्शियन शापलेखांत, म्हणजे शत्रूंना शाप देणाऱ्या लेखांत, ‘रुशालिमुम’ असे वाचले जाणारे नाव येते आणि ते याच नगराचे असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात.

या रूपांवरून मांडलेली उकल मला सर्वांत पटली. पहिल्या भागात पाया घालणे या अर्थाचा पश्चिम सेमिटिक (हिब्रू ज्या भाषागटात मोडते त्यातला) धातू आणि दुसऱ्या भागात शालिम ही सायंकाळची देवता धरली, तर ‘शालिमची स्थापना’ असा अर्थ निघतो. शालिम हा काही कल्पनेतला देव नव्हे. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित येथे 1929 पासून झालेल्या उत्खननात मिळालेल्या लेखांत तो पहाटेच्या शाहरसोबत जोडीने येतो. ‘शालोम’ हा शब्दही श-ल-म याच व्यंजनांचा असल्यामुळे देवतेचा विसर पडल्यावर लोकांना त्या नावात शांती ऐकू येणे स्वाभाविकच होते. ग्रीकांनी तर ‘हिएरोस’, म्हणजे पवित्र, या आपल्या शब्दाशी जुळवून त्याचे ‘हिएरोसोलिमा’ केले. आरंभीच्या ‘उरु’चा संबंध नगर या अर्थाच्या सुमेरियन शब्दाशी जोडणारे मतही मांडले गेले, पण त्याने हिब्रू रूपातल्या ‘य’चा उलगडा होत नाही, ही अडचण मार्गदर्शकांनी नेमकी दाखवली.

प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने हे नाव मुळात संस्कृत असल्याचे ठामपणे सांगितले. मार्गदर्शकांनी वाद न घालता जुनी तिन्ही रूपे फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि यांपैकी कोणत्या रूपातील कोणते अक्षर त्या व्युत्पत्तीने सुटते, एवढेच विचारले. उत्तर आले नाही. पण त्या गृहस्थांचा पाणउताराही झाला नाही.

उणिवा व्यवस्थेतल्या आहेत. ध्वनिवर्धक मागच्या रांगांपर्यंत नीट पोहोचत नाही. हिब्रू पाठपरंपरेत नावाच्या शेवटी ‘-आयिम’ असा द्विवचनी उच्चार कसा आला, हा रंजक मुद्दा वेळेअभावी जेमतेम उरकला गेला. हस्तपत्रिकांच्या झेरॉक्सवर कीलाकार (मातीच्या पाट्यांवरील खिळ्यांसारख्या) अक्षरांचे नुसते काळे ठिपके उमटले होते. त्यांची स्वच्छ पीडीएफ व्हॉट्सॲपवर मिळते, मात्र ती आयोजकांकडे मागून घ्यावी लागते.