मोटरवर चालणारी हवेची बोट: काही महिन्यांच्या वापरानंतर

हवा भरून वापरायची आणि मागे मोटर लावून चालवायची बोट घेणाऱ्याच्या मनात दोन अपेक्षा असतात. पाण्यावर ती खऱ्या बोटीसारखी वागावी आणि काम झाल्यावर घडी होऊन गाडीच्या डिकीत मावावी. गेले काही महिने अशी बोट नियमितपणे वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की पहिली अपेक्षा ती वाटले होते त्याहून चांगली पूर्ण करते. दुसरीही करते, परंतु तिची किंमत प्रत्येक खेपेला वेळ आणि मेहनत यांच्या रूपाने नव्याने मोजावी लागते.

माझी बोट सुमारे ३.२ मीटर लांबीची, पीव्हीसीच्या कापडाची असून तिचा तळही हवेचाच आहे. मोटर ६ अश्वशक्तीची, चार-स्ट्रोक पेट्रोलची आहे. बोट आणि मोटर यांचा अनुभव एकत्र सांगणे भाग आहे, कारण घेताना सगळे लक्ष बोटीवर असते आणि वापरताना बहुतेक वेळ मोटरीत जातो.

पाण्यावरचे गुण आधी सांगतो. दोन्ही बाजूंच्या जाड ट्यूबमुळे या बोटीला इतका तोल असतो की एका कडेवर दोन माणसे बसली तरी ती फक्त थोडी कलते. त्याच लांबीच्या ताठ बोटीत असे बसण्याचे धाडस मी करणार नाही. पोहणाऱ्याला पाण्यातून कडेवरून आत चढता येते, आणि दुसऱ्या बोटीला किंवा धक्क्याला टेकल्यावर कोणाचेच नुकसान होत नाही. ब्रिटनच्या आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेने १९६३ मध्ये किनाऱ्यालगतच्या बचावकार्यासाठी हवेच्या बोटी सेवेत आणल्या आणि त्या आजही वापरात आहेत. हा प्रकार म्हणजे नुसते खेळणे नव्हे, हे समजायला एवढे पुरे. ट्यूबमध्ये स्वतंत्र कप्पे असतात, त्यामुळे एक कप्पा फुटला तरी बोट बुडत नाही. मात्र तरंगत राहणे वेगळे आणि चालत राहणे वेगळे. मी उथळ पाण्यात एका कप्प्यातली हवा मुद्दाम सोडून पाहिली, तेव्हा बोट तरंगत राहिली, पण मधोमध दुमडू लागली आणि मोटर मंद गतीपलीकडे चालवणे शक्य राहिले नाही.

वेगाविषयी विक्रेते जे सांगतात ते एकट्या माणसापुरते खरे असते. मी एकटा असताना बोट पाण्यावर उचलली जाऊन घसरू लागते आणि तेव्हा तिचा वेग खरोखर आनंद देतो. दोन प्रौढ आणि थोडे सामान झाले की ६ अश्वशक्ती तिला उचलू शकत नाही. मग ती नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर करून पाणी ढकलत राहते, वेग ताशी ७-८ किलोमीटरच्या आसपास अडकतो आणि मोटर कितीही पिळली तरी फक्त पेट्रोल जास्त जळते. अनेक कंपन्यांच्या ४, ५ आणि ६ अश्वशक्तीच्या मोटरी एकाच इंजिनावर बेतलेल्या असतात आणि त्यांचे वजनही जवळजवळ सारखेच, म्हणजे साधारण २५ ते २७ किलो असते. बोटीवरच्या पाटीत परवानगी असेल तर त्यांपैकी लहान मोटर घेण्यात वजनाचा काहीच लाभ नाही.

मोटर बसवताना उंची तपासलीच पाहिजे. आखूड दांड्याची मोटर साधारण ३८ सेंटिमीटर उंचीच्या मागच्या फळीसाठी असते, लांब दांड्याची ५१ सेंटिमीटरसाठी. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली आली पाहिजे. ती वर राहिली तर वळताना पंखा हवा खातो, इंजिन किंचाळते आणि बोट पुढे जात नाही. फार खाली गेली तर पाण्याचा फवारा आत येतो.

वारा हा या बोटीचा मोठा शत्रू आहे. हलकी आणि पाण्यावर उंच बसणारी असल्यामुळे ती बाजूच्या वाऱ्याने सतत वाहवत जाते, आणि मंद गतीने धक्क्याला लावताना हे प्रकर्षाने जाणवते. एकटा माणूस मोटरीपाशी मागे बसला की नाळ आधीच उचललेली असते. तिच्याखाली समोरून जोराचा वारा शिरला तर बोट उलटण्याची शक्यता खरी आहे. पेट्रोलची टाकी आणि नांगर पुढे ठेवणे आणि सुकाणूच्या मुठीला लांब दांडा जोडून स्वतः थोडे पुढे सरकणे या दोन उपायांनी माझ्या बोटीचे वागणे बरेच सुधारले. मोटर बंद करणारी दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवल्याखेरीज मी इंजिन सुरू करत नाही, कारण या बोटीच्या बसक्या कडेवरून एका धक्क्यात बाहेर फेकले जाणे अगदी सोपे आहे आणि चालकाविना फिरणारी बोट गोल वळून त्याच्याच अंगावर येते.

आता हवेविषयी. ट्यूबमध्ये सामान्यतः ०.२५ बार आणि दोन थरांमध्ये धागे ताणून बनवलेल्या ताठ तळात ०.७ बारच्या आसपास दाब ठेवायचा असतो. पहिला आकडा पायपंपाने सहज गाठता येतो. दुसऱ्यासाठी घाम गाळावा लागतो किंवा विजेचा पंप घ्यावा लागतो. दाबमापक नसताना हाताने दाबून अंदाज करणाऱ्यांची बोट बहुधा सैल राहते, आणि सैल बोट लाटेवर लवते व वेग खाते. पाण्याने ट्यूब गार होते आणि दाब उतरतो, म्हणून पाण्यात उतरवल्यावर पुन्हा एकदा मोजणे आवश्यक आहे. उलट बाजू अधिक गंभीर आहे: २० अंशांना ०.२५ बार भरलेली ट्यूब किनाऱ्यावर उन्हात ४० अंशांपर्यंत तापली, तर कापडाचा ताण सोडून दिल्यास दाब जवळजवळ एकतृतीयांशाने वाढतो. गडद रंगाचे कापड याहूनही जास्त तापते. जेवायला सावलीत बसायचे असेल तर आधी थोडी हवा सोडावी.

आता घडीकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तिथेच आहे. जोडणीला लागणारा वेळ फारसा बोचत नाही, कारण तेव्हा उत्साह असतो. परतल्यावर मात्र थकलेल्या अवस्थेत बोट गोड्या पाण्याने धुवायची, तळाच्या आणि ट्यूबच्या खाचेतली वाळू काढायची, पूर्ण वाळवायची आणि मगच गुंडाळायची असते. ओली गुंडाळली तर बुरशीचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. वाळू राहिली तर ती घडीत कापड घासते. शिवाय कारखान्यातून आलेली घडी पुन्हा तशी कधीच होत नाही, आणि तिच्यासोबत दिलेली पिशवी नेहमीच चार बोटे तोकडी पडते. आमच्या आकाराच्या बोटीचे वजन ३५ ते ४० किलोच्या घरात जाते. मोटर, टाकी, वल्ही आणि नांगर धरून गाडी भरते आणि पाठ दुखते. शेवटी मी मागच्या फळीला उचलता येणारी चाके बसवली आणि शक्य असेल तेव्हा बोट फुगवलेलीच, आच्छादनाखाली ठेवू लागलो. तेव्हापासून वापर वाढला. जागा नसलेल्या माणसाने हा विचार खरेदीआधी करावा, कारण ज्या गुणासाठी त्याने ही बोट निवडली तोच गुण त्याला ती वापरण्यापासून परावृत्त करतो.

मोटरीची देखभाल कंटाळवाणी आहे, पण अवघड नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यावर काही मिनिटे चालवणे, तेल वेळेवर बदलणे आणि दीर्घ काळ ठेवायची असल्यास कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाकणे, एवढे केले तर ती एकदोन झटक्यांत सुरू होते. चार-स्ट्रोक मोटर आडवी ठेवताना कोणती बाजू खाली हे तिच्यावरच लिहिलेले असते. चुकीच्या बाजूवर ठेवल्यास तेल सिलिंडरमध्ये उतरते.

विजेच्या मोटरीचा विचार करणाऱ्यांनी बॅटरीचे गणित आधी मांडावे. १२ व्होल्टची, ५५ पाउंड रेट्याची मोटर पूर्ण गतीत सुमारे ५० अँपिअर घेते. १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढणे तिच्या आयुष्यासाठी बरे, म्हणजे पूर्ण गतीचा एक तास मिळतो, आणि त्या बॅटरीचे वजन पेट्रोल मोटरीएवढेच असते. लहान, शांत तळ्यासाठी ती उत्तम. ओढ असलेल्या पाण्यासाठी मी ती घेणार नाही.

कापडाच्या बाबतीत, उन्हात सतत राहणाऱ्या बोटीला हायपालॉन जातीचे, म्हणजे कृत्रिम रबराचा थर असलेले कापड पीव्हीसीपेक्षा जास्त काळ टिकते, परंतु ते महाग असते. पीव्हीसीला आच्छादन घातले की चालते. लहान भोक साबणाच्या पाण्याने सापडते आणि दोन घटकांच्या गोंदाने पट्टी लावून बुजते. फक्त गोंद पक्का होईपर्यंत एक दिवस थांबावे लागते. सांध्यातून हवा जाऊ लागली तर मात्र घरगुती उपाय फारसे टिकत नाहीत. जुनी बोट घेणाऱ्याने म्हणूनच ती पूर्ण दाबाने फुगवून रात्रभर ठेवायला सांगावी, तापमानातला फरक लक्षात घेऊन सकाळी दाब मोजावा, आणि मागची लाकडी फळी ट्यूबला जिथे चिकटवलेली असते तिथे अंगठ्याने दाबून पाहावे. तिथे लाकूड मऊ लागले किंवा चिकटपट्टीची कड सुटलेली दिसली, तर किंमत कितीही कमी असो, ती बोट घेऊ नये.