गंजाचे ओघळ आडवे होते : बोलिंगच्या जुन्या पाटीत मी कसा फसलो

ओहायोत, डेटनजवळ, राहून मला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. इथल्या जुन्या बोलिंग अ‍ॅलींच्या (चेंडू घरंगळत सोडून बाटलीसारख्या पिना पाडायच्या खेळाच्या जागांच्या) निऑनच्या पाट्या ज्यांना आवडतात आणि त्यातली एखादी विकत घ्यावी असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी १९५८ सालची म्हणून एक पाटी ३,४०० डॉलरला घेतली. ती अलीकडेच कुणीतरी बनवलेली निघाली.

मला पाटी का हवी होती ते आधी सांगतो, कारण ती विकणाऱ्या माणसाने नेमका त्याचाच फायदा घेतला. मी आलो तेव्हा खिशात नकाशा दाखवणारा फोन नव्हता. पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळी पाच वाजताच काळोख, सगळीकडे बर्फ, आणि सगळे रस्ते सारखेच. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने घरी परतायची खूण सांगितली होती : लाल पिन दिसली की डावीकडे वळ. ती पिन म्हणजे एका बोलिंग अ‍ॅलीची पाटी. खांबावर दोन मजली उंच, वर पांढरी पिन, तिच्या कडेने लाल निऑन, खाली दाराकडे वळलेला बाण आणि बाणावर एकामागून एक पेटणारे दिवे. पुढे दर गुरुवारी आम्ही तिथे खेळायला जाऊ लागलो. अनोळखी देशात माझी पहिली माणसं त्या पाटीखाली झाली. अ‍ॅली बंद पडली, इमारत पाडायला घेतली, तेव्हा पाटी वाचवता येईल का हे विचारायला मी गेलो. तोवर तिचे कापून चार तुकडे भंगाराच्या ट्रकमध्ये पडले होते.

त्यामुळे चार वर्षांनी ऑनलाइन जाहिरातीत जवळजवळ तशीच पाटी दिसली, तेव्हा मी त्याच रात्री निरोप टाकला. सहा फूट उंच, चार फूट रुंद, पिन आणि बाण. इंडियानात यूएस ४० या जुन्या हमरस्त्यावरच्या अ‍ॅलीतली, असं लिहिलं होतं. किंमत ४,२००.

माणूस बोलायला अत्यंत नम्र. त्याचे आजोबा त्या अ‍ॅलीत पिनबॉय होते, म्हणजे पडलेल्या पिना हाताने उभ्या करणारा पोरगा. १९५८ ला अ‍ॅली उघडली त्या दिवसापासून ते तिथे होते, मालकाने जाताना पाटी त्यांना दिली, आता आजोबा गेले, घर रिकामं करायचंय. फोनवर त्याचा आवाज दाटून आला. माझ्या आजोबांची ट्रंक आम्ही कशी वाटून घेतली ते मी त्याला सांगितलं.

इथेच मी थांबायला हवं होतं. पिना आपोआप उभ्या करणारं एएमएफ कंपनीचं यंत्र १९५२ पासून अ‍ॅलींमध्ये बसू लागलं, ब्रन्सविकचं १९५६ मध्ये आलं. पन्नाशीच्या दशकात हमरस्त्यांच्या कडेला जी प्रचंड नवी बोलिंग सेंटरं उभी राहिली, ती या यंत्रांच्याच जोरावर. १९५८ ला नव्याने बांधलेल्या अ‍ॅलीत पहिल्या दिवसापासून पिनबॉय, ही गोष्ट तिथल्या तिथे खटकायला हवी होती. मला हे सगळं माहीत होतं. पण समोरचा माणूस आजोबांबद्दल बोलत असताना तारखा तपासायचं मनातच आलं नाही.

त्याने एक फोटोही पाठवला. रंग थोडे उतरलेले, निळं आकाश आणि खांबावर तीच पाटी. "आजोबांच्या अल्बममधला," म्हणाला. मी ५०० डॉलर विसार पाठवला, थेट बँकेतून बँकेत.

पाटी बघायला गेलो ती भाड्याच्या स्टोरेजच्या गाळ्यात. वर एकच ट्यूबलाइट. पाटी आडवी, कुशीवर टेकवून ठेवलेली. उभी करून दाखवा म्हटलं, तर तोल जाऊन काच फुटेल म्हणाला. तेही पटलं. मग त्याने स्वतःहून सांगितलं, की निऑनच्या नळ्या नव्या आहेत आणि ट्रान्सफॉर्मरही नवा, कारण जुन्या नळ्या टिकत नाहीत. हे खरंच असतं. अस्सल जुन्या पाटीतही नळ्या बऱ्याचदा पुन्हा केलेल्या असतात, त्यात काही लपवाछपवी नाही. पण या एका खऱ्या वाक्यामुळे माझा उरलेल्या सगळ्या खोट्यावर विश्वास बसला. जे तपासता आलं असतं ते त्याने आधीच "नवं" म्हणून बाजूला काढलं, आणि जुना म्हणून राहिला तो फक्त पत्र्याचा डबा. तो मी नीट पाहिलाच नाही. घासाघीस करून ३,४०० ठरले. उरलेले २,९०० रोख दिले. पावती मागितली तेव्हा "मेलवर पाठवतो" म्हणाला.

घरी दोन मित्रांनी मिळून पाटी गॅरेजमध्ये उभी केली. माझी बायको रत्नागिरीकडची. पत्र्याच्या पडवीत आणि खाऱ्या वाऱ्यात वाढलेली. ती दारातून बघत होती.

"अहो, हे ओघळ आडवे कसे?"

मला कळेना. तिने जवळ येऊन बोट ठेवलं. बाणाच्या प्रत्येक स्क्रूपासून गंजाचा तपकिरी ओघळ निघाला होता, आणि तो खाली न येता उजवीकडे गेला होता. प्रत्येक ओघळ जवळजवळ बोटाएवढा, टोकाला छोटा थेंब सुकलेला. "आमच्याकडे पत्रा आधी खालच्या कडेने जातो. पाणी तिथे साचतं. याची खालची कड तर कोरी आहे."

पाटी कुशीवर ठेवून त्यावर गंज चढवला होता. गाळ्यात ती तशीच कुशीवर होती, म्हणून तिथे ओघळ सरळ दिसत होते. ओलं फडकं फिरवलं तर गंज पिठासारखा निघून आला, खाली गुळगुळीत रंग.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गावातले एक निवृत्त कारागीर आले. आयुष्यभर निऑनच्या नळ्या हाताने वाकवल्या आहेत त्यांनी. त्यांनी प्लग लावूच दिला नाही. अशा पाटीत १५,००० व्होल्टपर्यंत दाब असतो आणि हिच्या डब्याला अर्थिंगच जोडलेलं नव्हतं. मुलं घरात असतील तर हा मुद्दा पैशांपेक्षा मोठा आहे, हे कृपया लक्षात ठेवा.

मग त्यांनी मागचं झाकण उघडून मला आत बघायला लावलं. साठ वर्षं रस्त्यावर राहिलेल्या पाटीच्या पोटात काय असतं ते त्यांनी सांगितलं : गांधीलमाश्यांची जुनी घरं, चिमण्यांच्या काड्या, जुन्या आधारांची बुजवलेली भोकं. रंगाचे चार-पाच थर असतात, कारण मालक बदलला की नावही बदलायचं, आणि तिरप्या उजेडात खालची जुनी अक्षरं उठून दिसतात. तळाला पाणी निघायची भोकं असतात. बऱ्याचदा बनवणाऱ्याची छोटी धातूची पट्टीही असते. माझ्या डब्यात यातलं काहीच नव्हतं. चकचकीत जस्ताचा पत्रा होता आणि कोपऱ्यात अर्धवट खरवडलेलं एक पांढरं स्टिकर. त्यावर बारकोड.

दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ ला, आमच्या इथून अर्ध्या तासावरच्या ट्रॉय गावातल्या सुपरमार्केटमध्ये, च्युइंगमच्या पाकिटावर. इथल्या शाळेतली पोरंही हे सांगतात. १९५८ च्या पाटीच्या पोटात तो असणं शक्यच नव्हतं.

फोटोचा छडा लागायला आठवडा गेला. जॉन मार्गोलीस नावाच्या छायाचित्रकाराने १९६९ पासून जवळजवळ चाळीस वर्षं अमेरिकेतल्या रस्त्याकडेच्या वास्तू टिपल्या : मोटेल, पेट्रोलपंप, डायनर, बोलिंग अ‍ॅली. त्यांच्या अकरा हजारांहून जास्त रंगीत स्लाइड्स वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. तिथे शोधता शोधता "आजोबांच्या अल्बममधला" फोटो सापडला. राज्यही वेगळं होतं. त्या फोटोतल्या बाणावर अकरा दिवे आहेत. माझ्या बाणावर नऊ. हे मी पैसे देण्याआधी मोजू शकलो असतो. मार्गोलीस यांनी नाहीशा होत चाललेल्या गोष्टींसाठी आयुष्य घातलं. त्यांच्या कामाचा असा वापर व्हावा याचा मला पैशांपेक्षा जास्त त्रास झाला.

पैसे परत मिळाले नाहीत. फोन बंद, नाव खोटं, गाळा महिन्याच्या बोलीवर घेतलेला. ओहायोत ६,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय छोट्या दाव्यांच्या कोर्टात लावता येतो, पण नोटीस पाठवायला खरं नाव आणि पत्ता लागतो. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बँकेकडे तक्रार तरी नोंदवता आली असती. रोख रकमेला आणि थेट पाठवलेल्या विसाराला तसा आधार नाही. एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्रात सगळं लिहून दिलंय, बारकोडच्या फोटोसकट.

आज पुन्हा घ्यायची झाली तर मी विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत घेईन. "१९५८ ची अस्सल" हे शब्द सहीसकट विक्रीच्या कागदावर लिहून घेईन. फोटोवरून पाटी कुठली ते आधी इंटरनेटवर शोधेन. पाटी उन्हात आणि उभी बघेन, झाकण उघडून. बंद इमारतीवरून उतरवलेली असेल तर जागेच्या मालकाचं पत्र मागेन, कारण चोरलेल्या पाट्याही बाजारात येतात. आणि त्याआधी एक दिवस काढून सिनसिनाटीच्या अमेरिकन साइन म्युझियममध्ये जाईन. डेटनहून तासाभराचा रस्ता. खऱ्या जुन्या पाट्या तिथे हाताच्या अंतरावर आहेत आणि निऑन वाकवणारी चालू कार्यशाळाही. मी तिथे गेलो ते फसल्यानंतर. पहिल्याच दालनात एका पाटीची खालची कड पाहिली. बायकोने सांगितलं होतं तशीच ती गंजली होती, आतून बाहेर.

गेल्या मंगळवारी तीच जाहिरात पुन्हा दिसली. आता शेजारच्या केंटकीत, किंमत ४,६००, आजोबांच्या जागी काका. फोटो तोच. निळं आकाश, पांढरी पिन, डावीकडे वळलेला बाण. त्या बाणावरचे दिवे मोजा. अकरा आहेत.