गेम अडकतोय: नवा राउटर, केबल की नुसत्या सेटिंग?

सामना ऐन रंगात येतो, पात्र जागच्या जागी थिजतं, पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) तीनशेच्या वर जातो आणि घरात ठरतं की आता नवा राउटर आणायचा. कोकणातल्या जुन्या घरांत हा खर्च बहुतेकदा वाया जातो. म्हणून पैसे काढण्याआधी पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिल्यांदा दुखणं कुठं आहे ते शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. ज्या खोलीत बसून खेळता, तिथूनच लॅपटॉपवर राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि पुढे तो पत्ता टाइप करा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर सापडतो. ओळीमागून ओळ दोन-चार मिलिसेकंदांची येत राहिली तर घरातलं वायफाय ठणठणीत आहे. मध्येच ८०, मग १५०, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ (उत्तर आलंच नाही) असं दिसलं, तर बिघाड तुमची खोली आणि राउटर यांच्यातच आहे. अशा वेळी कनेक्शनवाल्याला फोन करून काही होणार नाही.

घरातलं ठीक निघालं तर ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग लावा. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. रत्नागिरीहून मुंबई रस्त्याने सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अंतराचे तीन-चार मिलिसेकंदच. तारेचे वळसे आणि मधली यंत्रं धरली तरी मुंबईच्या सर्व्हरवर कायम शंभर दिसायचं कारण अंतर नाही, घराबाहेरच्या लाइनवर संशय घ्या.

आपल्याकडे बहुतेकदा पहिलीच शक्यता, म्हणजे घरातलं वायफाय, खरी निघते. राउटर पुढे ओटीवर किंवा पडवीत, जिथे तार घरात शिरते तिथेच ठोकलेला. खेळणारा मागच्या खोलीत. मध्ये जांभ्या चिऱ्याच्या दोन-तीन जाडजूड भिंती. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो, आणि ओल रेडिओ लहरी शोषून घेते. मे महिन्यात बरा चाललेला गेम जुलैत अडकू लागला, तर आधी भिंतीवर संशय घ्या.

यावर फुकटचा उपाय म्हणजे राउटर घराच्या मध्यावर, माजघरात उंचावर आणणं. तार तेवढी पुरत असेल तर हे आधी कराच. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण चिऱ्यापुढे लवकर दमतं. एकाच खोलीत असाल तरच घ्या. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे पोचतं, मात्र तिथे गर्दी असते. वाडीत घरं विरळ असतील तर ते चालून जातं. मालवण-चिपळूणच्या इमारतीत राहत असाल तर १, ६, ११ यांतलं सर्वांत रिकामं चॅनेल निवडा.

एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, गेमसाठी घेऊ नका. तोच रेडिओ एकदा ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यात वेग साधारण निम्मा होतो आणि पिंग हलत राहतो. मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, त्याहून पुष्कळ बरं, पण दोन डब्यांमध्ये पुन्हा तीच ओली भिंत आली तर महागडा मेशही हतबल होतो. डबे केबलने जोडले तरच मेशचे पैसे वसूल होतात.

मग नुसती केबलच का ओढू नये? माझा कौल तिलाच आहे. कॅट ५ई ही नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, आणि कोकणातलं कुठलंही घर त्यात मावतं. दोन गोष्टी मात्र नीट बघून घ्या. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, खाऱ्या हवेत त्याची टोकं लवकर सडतात. शुद्ध तांब्याचीच मागा. आणि वळचणीखालून बाहेरून नेणार असाल तर उन्हापावसाला टिकणारी काळी केबल घ्या. खिडकीच्या चौकटीतून आत घेताना बाहेरच तिला खाली झोल द्या, म्हणजे पागोळ्यांचं पाणी केबलवरून ओघळून आत येत नाही, झोलाच्या तळाशी ठिबकतं. अंगणापलीकडच्या मांगरात किंवा होमस्टेच्या खोलीत न्यायचं असेल तर तांबं टाळून फायबरच टाका. विजांच्या दिवसांत दोन इमारतींमधली तांब्याची तार दोन्हीकडची यंत्रं जाळू शकते.

आता दुसरं दुखणं. एरवी गेम सुरळीत, पण कुणी व्हिडिओ कॉल लावला किंवा फोटो चढवायला लागलं की लॅग. इथे केबल उपयोगाची नाही. राउटरमध्ये पाकिटांची (डेटाच्या तुकड्यांची) रांग तुंबते, त्यावर औषध सेटिंगमध्ये आहे. क्यूओएस किंवा एसक्यूएम (ही रांग आवरणाऱ्या सोयी) असेल तर चालू करा आणि वेगमर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. ४० एमबीपीएसची लाइन असेल तर ३५. तुमच्या राउटरमध्ये ही सोय नसेल, तर नवा राउटर घ्यायला हे खरं कारण आहे.

तिसरं दुखणं म्हणजे कन्सोलवर ‘स्ट्रिक्ट’ किंवा ‘टाइप ३’ नॅट. नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेरचा एकच पत्ता वापरू देणारी राउटरची सोय; ती कडक असली की इतर खेळाडूंशी जोडणी अडते. बहुधा यूपीएनपी, म्हणजे कन्सोलला लागणारी पोर्टं (जोडणीची दारं) आपोआप उघडणारी सेटिंग, चालू करणं पुरतं. माइनक्राफ्टचा सर्व्हर स्वतः चालवायचा असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे तेच दार हाताने उघडा. कनेक्शनवाल्याच्या डब्याला स्वतःचा राउटर जोडला असेल तर दोनदा नॅट होतं. दोघांपैकी एकाला ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे नॅट एकच डबा करील. मात्र राउटरच्या वॅन पत्त्याची (त्याच्या सेटिंगमध्ये दिसणाऱ्या इंटरनेटच्या बाजूच्या पत्त्याची) सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांत असेल तर बाहेरचा खरा पत्ता कंपनीने अनेकांत वाटलेला आहे, आणि पोर्ट उघडूनही काही होत नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता, कंपनीकडे मागावा लागतो. फक्त बीजीएमआय, फ्री फायर किंवा व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी त्यावर पैसे घालू नयेत. हे गेम कंपनीच्या सर्व्हरवरच चालतात.

आणि लाईटचं काय? क्षणभर गेली तरी राउटर पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो, तेवढ्यात सामना हातचा जातो. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसवा, पण फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही जोडा. एकट्या राउटरला वीज देऊन इंटरनेट येत नाही.