मिसिसिपी की मॅसॅच्युसेट्स: रस्ता कुठला सेफ?

अमेरिकेत मिसिसिपी हे राज्य म्हणजे पक्कं रिपब्लिकन, 1980 पासून राष्ट्राध्यक्षपदाला तिकडेच मत, आणि मॅसॅच्युसेट्स 1988 पासून सलग डेमोक्रॅट. आता 2021 चे आकडे बघा, मिसिसिपीत लाखामागे 20 च्या वर लोक रस्ते अपघातात गेले, मॅसॅच्युसेट्समध्ये साधारण 6, म्हणजे सरळ पक्षावर बिल फाडावंसं वाटतं ना?

पण थांबा. सीटबेल्ट लावला नाही म्हणून पोलिस तुम्हाला मिसिसिपीत थेट थांबवू शकतो, 2006 पासून, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र कित्येक वर्षं तसं थांबवायला आधी दुसरा काहीतरी गुन्हा दिसावा लागायचा! मला हे वाचून खरंच धक्का बसला.

मग फरक कुठे पडतो, तर मिसिसिपीत खेडी लांब लांब, रोजचं ड्रायव्हिंग जास्त, रात्री दोन लेनचा रस्ता, लाइट नाही, मधे डिव्हायडर नाही, गाडी घसरली की सरळ झाडावर, आणि ॲम्ब्युलन्स यायलाच वेळ लागतो. मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनकडे ट्रॅफिकमुळे स्पीडच मिळत नाही, हॉस्पिटल जवळ. मैलामागे हिशोब केला तर अंतर बरंच कमी होतं, पण मिटत नाही, आणि तिथे मात्र सरकार रस्त्यांवर पैसा किती टाकतं हे मला महत्त्वाचं वाटतं.